जावळ

"बाळ किती महिन्यांचं होतं, बाईसाहेब?" मिसेस बेन्सनं विचारलं आणि डोळ्याचं भिंग न काढता ती उत्तराची वाट बघत थांबली. मला आधी वाटलं, तिच्या हातात दुसऱ्याच कुणाचा ब्रोच आहे. टेबलावर चिनी मातीच्या बशा मांडलेल्या होत्या, एकेका बशीत एकेका घरचं मेलेलं माणूस. पण तिच्या चिमट्याखाली होता तो माझाच होता. काठाला व्हिटबीच्या काळ्या दगडाचे मणी, मागे कोरलेली 'ई. टी. १८७१' ही अक्षरं, आणि मध्ये, तडकलेली काच काढल्यामुळे उघड्यावर आलेली, पिसासारखी वळवून डिंकानं बसवलेली माझ्या मुलाच्या केसांची बट. साडेतीन वर्षं ती माझ्या गळ्याशी होती. मी म्हटलं, "बाळ नव्हे. सव्वीस वर्षांचा होता माझा एडविन. तिकडे टास्मानियात, हॉबर्टला, तापानं गेला."

मिसेस बेन्सनं भिंग काढलं. क्लार्कनवेलच्या त्या माळ्यावर खिडकीच्या उजेडाला धरून बसलेली, मेलेल्यांच्या केसांचे दागिने घडवणारी सत्तरीची बाई, बोटांची टोकं डिंकानं पिवळी पडलेली. तिनं एकदा ब्रोचकडे पाहिलं, एकदा शोकाच्या काळ्या क्रेप-कापडाच्या माझ्या टोपीकडे. "मग राहू दे," ती म्हणाली. "काच बसवून देते. मंगळवारी न्या." मी विचारलं, काय राहू दे. ती म्हणाली, "माझी सून म्हणते, मला माझं तोंड आवरत नाही. खरं आहे ते." मी उठत नाही असं बघून तिनं चिमट्यानं एक केस सोडवला आणि पांढऱ्या कागदावर ठेवून भिंग माझ्यापुढे सरकवलं. "टोक बघा. एकदा कात्री लागली की केसाचं टोक बोथट होतं, मग तो कितीही वाढू दे. हे निमुळतं आहे. गवताच्या पात्यासारखं. याला कात्री एकदाच लागली, मुळाकडून. हे जावळ आहे, बाईसाहेब. आईच्या पोटातून येतं ते टोक." मी म्हटलं, कारागिरानं बदलले असतील, असं करतात म्हणे. "करतात की," ती म्हणाली. "केस कमी पडले की दुसऱ्याचे घालतात. मेलेल्या माणसाच्या नावावर घोड्याचे केस घातलेलेही मी पाहिलेत. पण जावळ कोण घालणार? ते विकत मिळत नाही. आईबाप कुणाला देत नाहीत ते."

मी जिना उतरले ते आठवत नाही. खाली रस्त्यावर झिमझिम पडत होतं आणि मी छत्री उघडायची विसरले. क्रेप भिजला की त्याला एक वास येतो, जुन्या शाईचा आणि ओल्या कुत्र्याचा मिळून. त्याचा काळा रंग उतरून मानेवर ओघळतो आणि मग आठवडाभर निघत नाही. औषधवाल्याकडे त्यासाठी एक पूड मिळते, ती चोळली की कातडी सोलल्यासारखी होते. पहिल्या वर्षी माझी मान कायम तशीच असायची. जोसाया, माझा नवरा, म्हणायचा, "जरा मलम लाव, लिडिया," आणि स्वतः डबी उघडून द्यायचा. मला तो डबीचा आवाज आठवला. त्या ओल्या रस्त्यावर मधेच उभी राहून मी आठवत होते, की ती डबी उघडताना त्याचे हात कसे होते. स्थिर होते. सगळ्याच गोष्टींत त्याचे हात स्थिर असायचे.

बातमी आली ती फेब्रुवारीची सकाळ होती. जोसाया कागदाचा घाऊक व्यापारी, शेजारपाजारचे निम्मे लोक त्याच्याच कागदावर पत्रं लिहायचे. त्या दिवशी तो कचेरीतून अकरा वाजताच परत आला. त्यानं मला बसायला सांगितलं, खिशातून पत्र काढलं आणि उभ्या उभ्या वाचून दाखवलं. हॉबर्टच्या कुणा डॉक्टरचं होतं. सहा दिवसांचा ताप, शांतपणे गेला, आईचं नाव घेतलं, सोबत केसांची बट पाठवत आहे. वाचता वाचता तो रडला. तीस वर्षांच्या संसारात मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहत होते, आणि देवा मला क्षमा कर, माझ्या मुलाच्या मरणाच्या त्या घटकेला माझ्या मनात हेही येऊन गेलं, की हा माणूस मला आजवर कळलाच नव्हता. ते पत्र मी हातात घेतलं नाही. मागितलं असतं तर त्यानं काय केलं असतं, कुणास ठाऊक. मी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला स्वतः शोकाच्या कपड्यांच्या दुकानात घेऊन गेला. इतर बायांचे नवरे गाडीत बसून राहतात. हा आत आला. तिथं गालिचे एवढे जाड होते की कुणाचं पाऊल वाजत नव्हतं, आणि दुकानातला माणूस आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारत होता, "नातं?" नवरा म्हटलं की तो एका कपाटाकडे जायचा, आईबाप म्हटलं की दुसऱ्या, मावशी-काका म्हटलं की काउंटरच्या अगदी टोकाला. जोसाया म्हणाला, "मुलगा." त्या माणसानं मान झुकवली आणि क्रेपचे तीन तागे काढले. जोसायानं तिन्ही अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पाहिले, जसा तो कागद पाहायचा, आणि म्हणाला, "यातला सगळ्यात गडद." माझे जुने सगळे कपडे रंगाऱ्याकडे गेले, हिरवा, बदामी, फीबीच्या बारशाचा जांभळा, सगळे एकाच कढईतून काळे होऊन आले. घरातल्या मोलकरणीलाही काळं शिवलं. पत्रांच्या कागदाला जोसायानं अर्धा इंच काळी किनार निवडली. चार महिन्यांनी ती पाव इंच झाली, मग रेघेएवढी. त्याच्या टोपीची काळी पट्टी वर्ष झालं त्या दिवशी उतरली. माझं काळं उतरलं नाही. मुलासाठी वर्षच असतं, हे मलाही ठाऊक होतं. पण राणीनंच नवरा गेल्यापासून दहा-बारा वर्षं काळं उतरवलेलं नाही अशा देशात मला कोण बोलणार. उलट चर्चमधल्या बाया आपल्या मुलींना माझ्याकडे बोट करून दाखवायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा. माझ्याजवळ दाखवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

घरी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. ओल्या कपड्यांनिशीच वर गेले आणि पलंगाखालची लाकडी पेटी ओढली. मुलांचं सगळं त्यात होतं. साडेतीन वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. लावला तर फुटेन, अशी भीती होती. किल्ली मी तेव्हाच माझ्या मुलीकडे, फीबीकडे, देऊन टाकली होती, आणि ती लग्न होऊन गेली तेव्हा माझ्या उशाशी ठेवून गेली होती. बारशाची टोपी, पहिला दात, आणि तळाशी कागदाची पुडी. एडविन चौदा महिन्यांचा होता तेव्हा मागच्या अंगणात त्याला पाटावर बसवून मीच त्याचं जावळ कापलं होतं. तो एवढा रडला होता की पलीकडची बाई भिंतीवरून डोकावून बघायला आली. मग मी त्याच्या हातात ते केस ठेवले आणि तो गप्प झाला. मूठ मिटून बसला, सोडायला तयार होईना. एकेक बोट उघडून मी ते काढून घेतले आणि पुडीत बांधले. माझी आई गाठ मारायची तशी दुहेरी गाठ, कापल्याशिवाय न सुटणारी. आता त्या पुडीला सरफासाची गाठ होती, नीट, दोन्ही फुलं सारखी. फीबी टोपीची रिबिन बांधायची तशी. आत चार-पाच केस उरले होते.

मी जमिनीवर बसले होते आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो आनंदाचा नव्हता. तो यायला हवा होता, हे मला कळत होतं. मुलगा मेला म्हणून आलेली बट त्याच्या मेलेल्या डोक्यावरची नाही, याचा अर्थ काय होतो ते मला जिन्यातच कळलं होतं. पण माझ्या मनात आलं ते हे, की गाठ कुणी सोडली तेव्हा मी कुठं होते? बहुधा खालीच होते. दिवाणखान्यात पडदे ओढून बसले असेन आणि ही माणसं माझ्या डोक्यावरच्या खोलीत, पलंगाशी बसून, माझ्या मुलाचे केस मोजून घेत असतील.

फीबीचं घर हॅकनीत, तिचा नवरा आर्थर तिथल्या चर्चमध्ये धाकटा पाद्री. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ती बाळाला दूध-पाव भरवत होती. "आई, आधी कळवायचं ना," ती म्हणाली, "आर्थर आत प्रवचन लिहितोय." मी पुडी टेबलावर ठेवली. तिनं चमचा बाळाच्या तोंडाजवळ तसाच धरून ठेवला आणि बाळ तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिलं.

"कुणी मागितले?" मी विचारलं.

"बाबांनी."

"काय सांगून?"

तिनं चमचा वाटीत ठेवला. "म्हणाले, आईला हातात धरायला काहीतरी दिलं पाहिजे. नाहीतर ती प्रश्न विचारत बसेल."

मग ती बोलू लागली, हलक्या आवाजात, आतल्या खोलीकडे बघत. एडविननं तिकडे लग्न केलं होतं. मुलीचा बाप बेड्या घालून इकडून पाठवलेला कैदी, आणि ती स्वतः रोमन कॅथलिक पंथाची, एका खाणावळीत वाढायला असलेली. त्यानं हे कचेरीच्या पत्त्यावर वडिलांना कळवलं. आईला तुम्हीच सांगा, म्हणजे तिला एकदम धक्का बसणार नाही, असं लिहिलं होतं. त्याच महिन्यात आर्थरच्या घरी फीबीची बोलणी पक्की होत होती. "त्यांना कळलं असतं तर मोडलंच असतं, आई. आर्थरच्या आईला तू ओळखतेस. बाबा म्हणाले, मेलेल्या भावाचं कुणी वाकडं बोलत नाही."

"आणि मी?"

"मला वाटलं, वर्षाचाच प्रश्न आहे." ती माझ्याकडे बघत नव्हती, बाळाचं तोंड पुसत होती, ते स्वच्छ होतं तरी पुसत होती. "मुलासाठी वर्षच असतं ना. सहा महिने क्रेप, तीन महिने साधं काळं, तीन महिने करडं. मी पुस्तकात बघून ठेवलं होतं. वर्षानं आई काळं उतरवेल आणि मग सगळं हळूहळू मागं पडेल, असं वाटलं." मग तिचा आवाज बदलला. त्यात चक्क तक्रार आली. "तू उतरवलंच नाहीस."

बाळ हसलं. त्याच्या कपाळावर पिवळसर मऊ केस आले होते, अजून न कापलेले. मी उठले. दारापर्यंत ती मागून आली आणि म्हणाली, "आर्थरला काही बोलू नकोस हं." मी मान हलवली. मान हलवायची सवय माझ्या अंगात इतकी मुरलेली आहे, की ती हलल्यावर मला कळलं.

गुरुवार ते रविवार मी जोसायाकडे बघत होते. माणूस तोच होता. सकाळी अंड्याच्या डोक्यावर चमच्यानं तीनदा टकटक करायचा, वर्तमानपत्राची घडी मोडू द्यायचा नाही, जेवणाआधीची प्रार्थना म्हणताना 'आमच्यातून गेलेल्यांची आठवण' या शब्दांपाशी किंचित थांबायचा. तो थांबा साडेतीन वर्षं माझ्यासाठी होता. त्या थांब्यात मी टेबलाखाली हात मिटून घ्यायचे आणि तो डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, आम्ही दोघं एकाच जागी उभे आहोत. शनिवारी रात्रीच्या जेवणाला तो तसाच थांबला आणि माझे हात आपोआप मिटले. माझ्याच हातांची मला किळस आली. एकीकडे मनात हिशेब नव्हे, एक यादी चालली होती: कुठल्या कुठल्या वेळी त्यानं मला सांगता आलं असतं. पहिल्या नाताळला, मी एडविनची खुर्ची भिंतीशी लावून ठेवली तेव्हा. मला कावीळ झाली आणि मी म्हटलं, बरं झालं, लवकर भेटेन त्याला, तेव्हा. दरवर्षी नऊ फेब्रुवारीला मला दंडाला धरून चर्चमध्ये नेताना. तो दंड दरवेळी जरासा जास्त जोरात धरायचा, मी पायरीवर अडखळेन म्हणून.

रविवारी चर्चहून आल्यावर तो मटण कापत होता. मोलकरणीला सुट्टी होती. मी विचारलं, "एडविन जिवंत आहे?"

त्यानं कापायला घेतलेला तुकडा पूर्ण कापला, माझ्या ताटात ठेवला, सुरी रुमालाला पुसली. "गेल्या मार्चपर्यंत होता," तो म्हणाला.

एवढंच. मला वाटलं होतं, तो नाकारेल. मग मी पुडी दाखवेन, मिसेस बेन्सचं नाव घेईन. काहीच करावं लागलं नाही. त्यानं बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "फीबीनं सांगितलं वाटतं. मला अंदाज होता, ती कधीतरी सांगणार." मग म्हणाला, "मी रडलो ते खोटं नव्हतं, लिडिया. माझ्या दृष्टीनं तो त्या दिवशी गेलाच."

"तुमच्या दृष्टीनं गेला. मला का त्याला मारायला लावलंत?"

"कारण तू लिहीत राहिली असतीस. त्याला, तिला, उद्या त्यांच्या पोरांना. तुला कुणाला सोडता येत नाही. माझ्या विधवा बहिणीला तू अकरा वर्षं सोडलं नाहीस, तिनं तुला एवढं बोलूनसुद्धा. तुला सोडायला लावायचा दुसरा रस्ता मला दिसला नाही." हे तो जवळजवळ कौतुकानं म्हणाला. मला समजावून सांगत होता, जसं कागदाची जात गिऱ्हाइकाला समजावतात.

"त्यानं पुन्हा लिहिलं नाही?"

"दोनदा लिहिलं. तुझ्या नावानं. कचेरीतच आली पत्रं." तो पाणी प्यायला. "दुसऱ्या पत्रानंतर मी तुझा फोटो पाठवला त्याला. मागं लिहिलं, तुझ्या आईनं तुझ्या नावानं काळं घेतलं आहे. मग त्यानं लिहिणं थांबवलं. मार्चमध्ये त्याला एकानं तिकडे पाहिलं, म्हणून तेवढं कळलं."

काळ्या कपड्यांतला माझा एकच फोटो आहे. १८७२च्या जूनमध्ये काढलेला. मी नको म्हणत होते. जोसायानंच गळ घातली. म्हणाला, तुझं हे रूप जपून ठेवावंसं वाटतं. हॉलोवे रोडच्या स्टुडिओत काचेच्या छपराखाली मला उभं केलं आणि तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला, साठीचा माणूस, आणि स्कर्टवरच्या क्रेपच्या पट्ट्या एकेक करून सारख्या केल्या, म्हणजे प्रत्येक घडी दिसेल. तोंडावरची काळी जाळी त्यानं हातानं मागं सारली, ब्रोच सरळ केला, त्याची बोटं माझ्या गळ्याला लागली. फोटोवाला सात आकडे मोजत होता आणि मी श्वास धरून उभी होते. त्या सात आकड्यांत मला वाटलं होतं, की आमच्या संसारात याहून जवळचा क्षण आलेला नाही. तो क्षण मी नंतर कितीतरी वेळा काढून बघितला होता, एकटी असताना, दुपारी. आता कळलं, की तो गुडघ्यांवर बसून माझ्या अंगावर काय नीट लावत होता. मी मटणाच्या तुकड्याकडे बघत राहिले. त्याची चरबी थिजून पांढरी होत होती. मुलाला मारण्यासाठी त्यांना कुणीतरी शोक करणारं हवं होतं, आणि मी तो इतका चांगला केला, की आपण आईला मेलो याची एडविनचीही खात्री पटली.

सोमवारी सकाळी मी उठले आणि मला कपडे घालता येईनात. कपाटात एकही धागा असा नव्हता जो काळा नव्हता. दुपारपर्यंत मी पांढऱ्या परकरावर पलंगाच्या कडेला बसून होते. त्यानंतर काळा झगा चढवला, दुसरं काही नव्हतंच, आणि हॉलोवे रोडला गेले. फोटोवाला तोच होता. मी त्याला विचारलं, रंगीत कपड्यांतला फोटो काढला तर बघणाऱ्याला ते रंगीत आहेत हे कळेल का. तो म्हणाला, "रंग कुठला यावर आहे. लाल घातलंत तर काचेवर काळंच उमटेल. पिवळंही काळं, हिरवंही जवळपास तसंच. तुम्ही लाल घालून नाचलात तरी घरचे म्हणतील, बाई अजून शोकात आहेत."

"मग पांढरं काय उमटतं?"

"निळं. फिकं निळं घाला, दुधासारखं येतं."

शिंपीणबाईला मी आकाशी रंग सांगितला तेव्हा तिनं आपणहून करडा तागा काढला, मग फिका जांभळा. काळ्यानंतर पायरीपायरीनं यायचं असतं हे तिला ठाऊक होतं. "एकदम आकाशी, बाईसाहेब? या वयात?" ती म्हणाली. तिनं टाचण्या दातांत धरल्या आणि पुढं काही विचारलं नाही. मधल्या दिवसांत फीबी एकदा आली, बसली नाही, जाताना माझ्या हातात चिठोरा कोंबून गेली. त्यावर हॉबर्टचा पत्ता होता. एडविननं तिच्या लग्नाला तिला एक पत्र लिहिलं होतं म्हणे. "बाबांना कळू देऊ नकोस," ती म्हणाली. यावेळी मी मान हलवली नाही.

आकाशी झगा घालून मी जिना उतरले त्या दिवशी जोसाया हातमोजे चढवत होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लोक काय म्हणतील याचा विचार केलास?" मी म्हटलं, "तुम्ही सांगा त्यांना काहीतरी. तुम्हाला येतं." लोकांना त्यानं खरंच सांगितलं. दोन आठवड्यांत चर्चमध्ये माझ्याशी सगळे हळू आणि मोठ्यानं बोलू लागले, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात, आणि एका बाईनं माझा हात थोपटत म्हटलं, दुःखाचं असंच असतं, ते एखाद्याच्या डोक्यावर परिणाम करतं. मला वेडी ठरवणं त्याला तीन वाक्यांत जमलं असेल. एडविन जिवंत आहे असं मी तिथं म्हटलं असतं तर तेही त्याच वेडात जमा झालं असतं.

फोटोत झगा खरंच दुधासारखा आला. चेहरा मात्र म्हातारा, आणि काय करावं ते न कळल्यासारखा. मी मागं काही लिहिलं नाही. सोबतच्या पत्रात जे घडलं ते दीड पानात लिहिलं, कुणाला दोष न देता, कारण दोष लिहायला घेतला की वाक्य पुढं जात नव्हतं. मग रोज सकाळी टपालवाल्याच्या वेळेला दाराशी जाऊन उभी राहू लागले. हिवाळा गेला. जोसाया आणि मी एकाच टेबलावर जेवत होतो; तो प्रार्थनेत त्या शब्दांपाशी आता थांबत नव्हता, सरळ पुढं जायचा.

एप्रिलच्या सुरुवातीला पत्र आलं. पाकिटाला काळी किनार नाही, एवढंच मी आधी पाहिलं. अक्षर एडविनचं, पण लहानपणी वळवून दिलेल्या 'जी'ची शेपटी त्यानं आता काढून टाकली होती. मी ते स्वयंपाकघरात नेऊन वाचलं. फळबाग आहे, सफरचंदं चांगली येतात. बायकोचं नाव ब्रिजेट, तिला छातीचा त्रास होता, आता बरी आहे. दोन मुलं, मुलगा तीन वर्षांचा, मुलगी दीड. सगळं नीट, आदरानं लिहिलेलं, परक्या बाईला लिहावं तसं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'तुझा तो काळ्या कपड्यांतला फोटो आला त्या दिवशी मी बागेत काम सोडून बसलो. मग मीही दंडाला काळी फीत बांधली. एक वर्ष बांधली, आईसाठी जेवढी बांधतात तेवढी. इथे सगळ्यांना सांगितलं, माझी आई गेली. मुलांनाही तेच ठाऊक आहे, थोरला झोपताना तुझं नाव घेतो, स्वर्गातली आजी म्हणून. तुझा नवा फोटो ब्रिजेटनं कपाटात ठेवला आहे. त्यांना आता काय सांगायचं, ते तूच कळव.'

चुलीवर पाणी उकळत होतं ते मी उतरवलं. दौत-टाक घेऊन तिथंच भाज्या चिरायच्या टेबलाशी बसले. 'त्यांना सांग की तुमच्या आजोबांनी' असं लिहिलं आणि तो कागद बाजूला ठेवला. 'त्यांना सांग की तुमची आत्या' असं लिहिलं, तोही ठेवला. तीन वर्षांच्या मुलाला हे कसं सांगायचं? त्याला माणसं मरतात आणि स्वर्गात जातात एवढंच कळत असेल. ती परत येतात, आकाशी कपडे घालून, हे त्याला भीतीचं वाटेल. अकरा वाजून गेले. शेवटी मी एकच ओळ लिहिली: 'त्यांना सांग, आजीला कुणी विचारलंच नव्हतं.'

मला ती बरी वाटली. खरी होती, कुणाचं नाव नव्हतं. मी ती टिपकागदानं टिपायला घेतली आणि पुन्हा वाचली, मुलाला वाचून दाखवताना एडविनच्या तोंडी ती कशी येईल ते मनात ऐकत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोन पत्रं त्यानं लिहिली, आणि मग एक फोटो आला, आणि त्या फोटोतल्या बाईला, तिच्या गळ्याकडे, तिच्या तोंडाकडे बघून, त्यानंही विचारलं नव्हतं. ज्या बाईनं त्याची मूठ एकेक बोट करून उघडली होती ती स्वतःहून त्याच्या नावानं काळं घेईल, हे त्याला एका दुपारीत पटलं होतं.

ओळ अजून ओली होती. खोडता आली असती. मी ती तशीच ठेवली, कागदाची घडी घातली, आणि पत्ता लिहायला पाकीट पुढं ओढलं.